'ही इज गो टू स्कूल': उर्दूभाषकांच्या इंग्रजीतल्या चुका नेमक्या कुठून येतात?

खडूफळा

'ही इज गो टू स्कूल.' 'आय ॲम एल्डर फ्रॉम यू.' 'माय फादर हॅव कम.' उर्दू माध्यमाच्या कुठल्याही शाळेत पाचवी-सहावीच्या इंग्रजीच्या वह्या उघडा, ही वाक्यं सापडतीलच. तपासणारे लाल पेनाने गोल करतात, समासात 'सराव करा' लिहितात आणि वही परत देतात. पुढच्या आठवड्यात तीच वाक्यं पुन्हा येतात.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझी मातृभाषा मराठी. इतक्या वह्या तपासल्यावर माझं ठाम मत झालंय की यातल्या बहुतेक चुका उर्दूच्या व्याकरणातून अगदी शिस्तीत आलेल्या असतात. शिकवणाऱ्याला ते व्याकरण माहीत नसेल तर नुसत्या सरावाने त्या जात नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात ५ कोटी ७ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली, त्यातले सुमारे ७५ लाख आपल्या राज्यातले. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. उर्दू शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांत माझ्यासारखे मराठीभाषकही असतात. म्हणून हा धागा मुद्दाम मराठीत.

आधी 'ही इज गो' घेऊ. रोजची क्रिया सांगताना उर्दूत 'वह स्कूल जाता है' म्हणतात. वाक्य 'है'वर संपतं, आणि 'है' म्हणजे 'इज' हे मूल सगळ्यात आधी शिकलेलं असतं. 'जाता'चा झाला 'गो', 'है'चा झाला 'इज'. मराठीत 'तो शाळेत जातो' यात 'आहे' नाहीच. त्यामुळे मराठी माध्यमातलं मूल 'ही गो टू स्कूल' लिहितं. शेवटचा 'स' गळतो, पण मधे 'इज' येत नाही. आता नकार बघा. 'वह स्कूल नहीं जाता' म्हणताना उर्दूतला 'है' बहुधा गळतो, आणि तेच मूल तिथे 'ही नॉट गो टू स्कूल' लिहितं. 'इज'सुद्धा बरोबर गळतो! म्हणजे मूल अंदाजपंचे काही लिहीत नाही, स्वतःच्या भाषेतला एकेक तुकडा इमानाने उतरवतंय. 'जाता था'चं 'ही वॉज गो' होतं तेही याच वाटेने.

दुसरा मोठा कारखाना म्हणजे 'से'. 'मैं दो साल से यहाँ हूँ', 'पीर (सोमवार) से बुख़ार है', 'घर से निकला', 'चाक़ू से काटो', 'अहमद हामिद से बड़ा है', 'उससे पूछो', 'वह मुझसे नाराज़ है', 'कुत्ते से डर लगता है', 'उससे शादी हुई'. या सगळ्यांना उर्दूत एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र फॉर, सिन्स, फ्रॉम, विथ, दॅन, ऑफ असे वेगवेगळे लागतात, आणि 'आस्क हिम', 'मॅरीड हर' इथे तर काहीच लागत नाही. मुलाने 'से' म्हणजे 'फ्रॉम' असं एकदा धरलं की 'आस्क फ्रॉम हिम', 'एल्डर फ्रॉम यू', 'कट फ्रॉम नाइफ', 'अफ्रेड फ्रॉम डॉग' ही सगळी वाक्यं एकाच दमात तयार होतात.

मराठीने हे काम पासून, हून, ने, पेक्षा, शी, ला यांच्यात वाटून दिलंय. म्हणून मराठी मुलाला 'दॅन' जड जात नाही, 'पेक्षा' आधीच वेगळा बसलेला असतो. पण 'माझ्यावर रागावला' म्हणायची सवय असल्यामुळे तो 'अँग्री ऑन मी' लिहितो, तर उर्दू मुलगा 'अँग्री फ्रॉम मी'. दोघांच्या चुका वेगळ्या, म्हणजे दोघांवरचे उपायही वेगळे. 'दोन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' यांत मात्र आपणही फरक करत नाही. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे पुण्यातही रोज ऐकू येतं.

इथल्या शिक्षकांनी आणि उर्दू मातृभाषा असलेल्या सभासदांनी भर घालावी.

निनावी_पालक

लेख आवडला, पण एक शंका आहे. यातलं निम्मं तर आपण सगळेच बोलतो. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'डिस्कस अबाउट', 'माय हेड इज पेनिंग'. याला उर्दूभाषकांच्या चुका म्हणणं बरोबर आहे का? माझी मुलगी मराठी माध्यमात होती, तिच्या वहीत आर्टिकलच्या चुका भरपूर असायच्या.

खडूफळा

शंका रास्त आहे. आर्टिकल मराठीतही नाही आणि उर्दूतही नाही, म्हणून तिथे दोन्हीकडची मुलं सारखीच अडखळतात. 'डिस्कस अबाउट' हे 'के बारे में'मुळेही येतं आणि 'च्याबद्दल'मुळेही. जिथे दोन्ही भाषा सारख्या आहेत तिथे मराठी शिक्षकाला चुकीचं कारण आतून कळतं आणि तो पटकन समजावतो. अडचण होते ती दोन्ही भाषा वेगळ्या होतात तिथे. मूल 'ही' आणि 'शी'मध्ये गोंधळतं हे मराठी शिक्षकाच्या पचनीच पडत नाही. 'मुलगा-मुलगी कळत नाही का तुला?' असं शिक्षक विचारतात. पोराला सगळं कळत असतं.

उर्दूत 'वह' म्हणजे तो, ती आणि तेही. मग बाई की पुरुष हे कळतं कशावरून? क्रियापदावरून: 'वह जाता है', 'वह जाती है'. म्हणजे ज्या जागी मूल लिंग दाखवतं ती जागाच इंग्रजीत रिकामी आहे, आणि जिथे इंग्रजीला ते हवंय तिथे मुलाला कधी दाखवावंच लागलेलं नाही. 'उसकी बहन' तर अजून कठीण. 'की' हा बहिणीवरून आला, 'उस'वरून काहीच कळत नाही. मग अहमदच्या बहिणीला मूल 'हर सिस्टर' म्हणतं, कारण त्याच्या कानात 'की' स्त्रीलिंगी वाजतोय. मराठीत 'त्याची बहीण', 'तिचा भाऊ' असं दोघांचंही लिंग एका शब्दात येतं, त्यामुळे आपल्याला हा घोटाळा माहीतच नाही.

दख्खनी_दोस्त

खडूफळा ताई, मी उर्दूभाषक, शिक्षण औरंगाबादला, आधी उर्दू माध्यम आणि नंतर इंग्रजी. 'उसकी बहन'चं वाचून बरं वाटलं. यावरून वर्गात बोलणी खाल्ली आहेत, कारण कुणीच सांगितलं नव्हतं.

माझ्याकडून भर. पहिली, मालूमात. उर्दूत हा शब्द अनेकवचनीच चालतो, 'मालूमात हासिल कीं'. मग 'इन्फॉर्मेशन्स' लिहिलं जाणारच. उलट क़ैंची एक, पतलून एक, म्हणून 'अ सीझर', 'अ पँट'. दुसरी, आदर. 'अब्बा आए हैं.' वडिलांना एकवचन लावायला जीभच वळत नाही. 'माय फादर हॅज कम' हे लिहायला शिकलो, तरी कितीतरी दिवस ते उद्धट वाटायचं. मराठीतही 'बाबा आलेत' म्हणतात, तेव्हा हे तुम्हालाही ओळखीचं असेल. तिसरी, लिपी. उर्दूत कॅपिटल अक्षर नाही, देवनागरीतही नाही. पण आमचा पूर्णविराम म्हणजे ओळीवर एक छोटी आडवी रेघ असते. ती सवय इंग्रजीत उतरते आणि तपासणाऱ्याला वाटतं की वाक्य अर्धवट सोडून डॅश दिलाय. शिवाय ज़ेर, ज़बर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हं रोजच्या लिहिण्यात आम्ही गाळतो, वाचणारा संदर्भाने भरून घेतो. इंग्रजी स्पेलिंगमधला प्रत्येक स्वर मांडायची सवय वेगळी लावून घ्यावी लागते.

एक प्रश्न. 'ने'चं काय? 'लड़के ने रोटी खाई' यात क्रियापद रोटीप्रमाणे चालतं. त्याचा काही त्रास इंग्रजीत होतो का?

खडूफळा

दख्खनी_दोस्त, फार चांगला प्रश्न. सरळ त्रास होत नाही, कारण इंग्रजी भूतकाळात 'एट' सगळ्यांना सारखंच. आडून मात्र होतो. 'उसने रोटी खाई.' खाणारा मुलगा की मुलगी? वाक्यात कुठेच कळत नाही. सर्वनाम सांगत नाही, आणि एरवी सांगणारं क्रियापद इथे रोटीच्या मागे गेलंय. मराठीतही क्रियापद भाकरीमागे जातं, 'त्याने भाकरी खाल्ली', 'तिने भाकरी खाल्ली', पण 'त्याने-तिने'त फरक राहतो. माझ्याकडच्या वह्यांत 'ही-शी'ची गल्लत सगळ्यात जास्त गोष्ट सांगताना होते, म्हणजे नेमकी जिथे अशी भूतकाळी वाक्यं ओळीने येतात तिथे.

भूतकाळाचा विषय निघालाच आहे तर 'गया था' घेते. 'मैं कल बाज़ार गया था' हे उर्दूत साधं वाक्य आहे, गोष्ट होऊन गेली एवढंच सांगणारं. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी 'आय हॅड गॉन टू मार्केट यस्टरडे'. इंग्रजी वाचणारा वाट बघत बसतो की बाजारात जाऊन झाल्यावर पुढे काय घडलं, कारण 'हॅड गॉन'ला नंतरची दुसरी घटना लागते. आपणही 'काल बाजारात गेलो होतो' म्हणतो, त्यामुळे ही चूक मराठी शिक्षकाच्या नजरेतून सुटते. मी तर म्हणेन की वाचण्यात जास्तीत जास्त अडथळा याच चुकीने येतो, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

यॉर्कशायरकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे प्रौढांना इंग्रजी शिकवतो, वर्गात पाकिस्तानातून आलेले बरेच जण असतात. एक गोष्ट नोंदवतो: ब्रॅडफर्डसारख्या शहरांतली पुष्कळ कुटुंबं मूळची पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातली. १९६०च्या दशकात मंगला धरणात त्यांची गावं गेली आणि अनेक जण इकडे आले. त्यांच्या घरची बोली पहाडी किंवा पंजाबी. उर्दू ही त्यांना शाळेत शिकून आलेली. फॉर्मवर मात्र मातृभाषा उर्दू असं लिहितात. तेव्हा 'उर्दूभाषक' म्हणताना घरची भाषा कोणती हे शिक्षकाने विचारून घ्यावं. तुमच्या यादीतल्या 'ही-शी'च्या आणि 'से'च्या चुका मला इथे रोज दिसतात, त्यात फरक नाही.

मला सगळ्यात गंभीर वाटते ती 'कि' लावून दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची पद्धत. 'उसने कहा कि मैं कल आऊँगा.' यातला 'मैं' म्हणजे तो स्वतः. इंग्रजीत उतरवलं की 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो', आणि ऐकणाऱ्या इंग्रज माणसाला वाटतं की समोर बसलेली व्यक्तीच उद्या येणार आहे. दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, घराच्या भाड्याच्या बोलण्यात यातून खरे गैरसमज होतात. डॉक्टर म्हणाले की मी गोळी बदलतो, यातला 'मी' कोण हा प्रश्न किरकोळ नाही. 'सिन्स टू इयर्स' म्हटल्याने कुणाचं काही अडत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. माझ्या वर्गात म्हणून मी आधी हे घेतो, बाकी नंतर.

भाषाभ्यासी

चर्चा छान चालली आहे. थोडी मागची बाजू. भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असं मांडलं की घाईत, थकव्यात होणारी चूक वेगळी आणि शिकणाऱ्याच्या मनातल्या नियमातून पुन्हापुन्हा येणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक शिक्षकाला मौल्यवान असते, कारण ती मुलाच्या डोक्यातला नियम दाखवते. खडूफळा यांच्या नकारार्थी वाक्याचं उदाहरण यात चपखल बसतं.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. पाकिस्तानी भाषाभ्यासक तारिक रहमान यांनी १९९० मध्ये पाकिस्तानी इंग्रजीचं वर्णन करताना तिला स्वतःचे नियम असलेलं इंग्रजीचं एक वेगळं रूप म्हणून मांडलं. पाकिस्तानच्या १९७३च्या घटनेत उर्दू राष्ट्रभाषा आहे, १५ वर्षांत ती सरकारी कामकाजात आणायची असंही कलम २५१मध्ये लिहिलंय. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ते अंमलात आणा म्हणून आदेश द्यावा लागला. इतकी वर्षं न्यायालयात, कचेरीत, वर्तमानपत्रांत इंग्रजी चालली आणि ती तिथल्या लोकांनी आपल्या पद्धतीने वापरली. लाखो सुशिक्षित लोक जे लिहितात त्याला चूक म्हणायचं तर ती ठरवणार कोण?

खडूफळा

भाषाभ्यासी, हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याची जागा माझ्या वर्गात नाही. 'इझंट इट' प्रत्येक वाक्याला लावणारा वकील आणि 'ही इज गो' लिहिणारं सहावीचं मूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. वकिलाकडे दोन्ही प्रकार असतात, हवा तो निवडतो. माझ्या मुलाकडे एकच आहे, आणि तो घेऊन त्याला दहावी काढायची आहे, मुलाखतीला बसायचं आहे. पाकिस्तानातसुद्धा सीएसएसच्या, म्हणजे वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांच्या, परीक्षेत इंग्रजी निबंध आणि प्रेसी-कॉम्पोझिशन (सारांश आणि लेखन) हे प्रत्येकी १०० गुणांचे सक्तीचे पेपर आहेत, आणि दुसऱ्यात उर्दू उताऱ्याचं भाषांतर असतं. निवड करता येण्याइतकी भाषा मुलाच्या हातात देणं हे माझं काम. ती दिल्यावर त्याने काय निवडायचं ते तो ठरवेल.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. सीमेच्या दोन्ही बाजूंना उर्दू शाळांत टेन्स शिकवायची एक जुनी रीत आहे: वाक्याचा शेवट ओळखा. 'ता है, ती है, ते हैं' आलं की प्रेझेंट इनडेफिनिट. 'रहा है, रही है' आलं की कंटिन्युअस. 'चुका है' आलं की परफेक्ट. मुलं ते एका सुरात पाठ करतात. परीक्षेतलं भाषांतर त्याने निभतं हे खरं. पण मग 'मैं समझ रहा हूँ'चं 'आय ॲम अंडरस्टँडिंग' झालं, तर त्यात मुलाचा दोष काय? त्याने तुम्ही दिलेला नियमच पाळला. 'वह बैठा है'मध्ये 'रहा' कुठेच नाही, तरी इंग्रजीत 'ही इज सिटिंग'. आणि 'मैं दो घंटे से पढ़ रहा हूँ'त 'रहा' आहे, तरी तिथे 'हॅव बीन' लागतं. शेवटावरून टेन्स ठरवायचं शिकवलं की मूल अर्थाकडे बघणंच सोडून देतं. माझ्या मते बहुतेक चुका उर्दूमुळे येतात आणि त्यातल्या बऱ्याच या रीतीमुळे टिकतात.

दख्खनी_दोस्त

शेवट ओळखायची रीत आम्हीही सुरात पाठ केली आहे. अगदी खरं.

अजून दोन आठवल्या. 'अगरचे... लेकिन' ही जोडी. उर्दूत एकामागून दुसरं येतंच, म्हणून 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. मराठीत 'जरी... तरी' तसंच. आणि 'बाल कटवाए', 'घर बनवाया'. उर्दूत करना, कराना, करवाना अशी पायरी आहे, दुसऱ्याकडून करवून घेतलं ते क्रियापदातच दिसतं. ते इंग्रजीत 'आय कट माय हेअर्स' होतं, आणि वाटतं की हातात कात्री घेऊन आपणच कापले. 'गॉट माय हेअर कट' हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, टीव्हीवर ऐकून कळलं.

दख्खनीबद्दलही सांगतो. आमच्या घरच्या दख्खनीत, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीत, 'ने' बहुतेक वापरतच नाहीत, आणि 'नक्को' हा शब्द आणि 'मैंइच'मधला 'च' हे तुमच्या मराठीचेच. त्यामुळे 'टुडे ओन्ली आय केम' असं जे आम्ही म्हणतो त्यातला 'ओन्ली' हा दोन्ही घरांचा.

निनावी_पालक

हे सगळं वाचून पटलं. माझ्या शेजारी भिवंडीहून आलेलं कुटुंब आहे, त्यांचा मुलगा सातवीत, माझ्याकडे अभ्यासाला येतो. मला उर्दू वाचता येत नाही, बोललेली कळते. मी काय करू? व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसलो की तो कंटाळतो.

खडूफळा

वाचता येत नसेल तरी चालेल, ऐकता येतं तेवढं पुरे. त्याला आधी उर्दूतच बोलू द्या. 'से' असलेली दहा वाक्यं त्याच्याकडूनच घ्या, घरातली, क्रिकेटची, कसलीही. मग प्रत्येक ठिकाणी विचारा: हा 'से' काय सांगतोय? कुठून निघालं, कशाने केलं, कोणापेक्षा जास्त, किती वेळापासून? अर्थ त्याने स्वतः उर्दूत सांगितला की मगच इंग्रजी शब्द द्या. 'सिन्स' आणि 'फॉर'साठी एवढंच विचारा की 'से'च्या आधी घड्याळातली किंवा कॅलेंडरमधली खूण आहे की मोजलेली लांबी. 'पीर से' ही खूण, 'दो साल से' ही लांबी.

आर्टिकलसाठी 'को'चा उपयोग होतो. 'लड़का बुलाओ' म्हणजे कोणीही एक, 'लड़के को बुलाओ' म्हणजे तो ठरलेला. सगळीकडे लागू पडत नाही, माणसांच्या बाबतीत 'को' एरवीही येतो, पण 'अ' आणि 'द' यांच्यातला फरक आपल्या भाषेत कुठेतरी आहे हे मुलाला जाणवतं. सुरुवातीला तेवढं बस्स.

निनावी_पालक

आणि 'ही-शी'? त्याचं सगळ्यात जास्त तिथेच चुकतं.

खडूफळा

त्याला नियम सांगू नका. घरातल्या एका बाईने आणि एका पुरुषाने आज काय काय केलं ते आधी उर्दूत सांगायला लावा, फक्त एक अट: प्रत्येक वाक्यात 'उसने' न म्हणता नाव किंवा नातं घ्यायचं. 'अम्मी ने चाय बनाई, अब्बू ने अख़बार पढ़ा.' मग तेच इंग्रजीत, प्रत्येक नावाच्या जागी 'ही' किंवा 'शी'. 'हिज-हर'साठी 'उसकी बहन' आलं की थांबवून विचारा, 'किसकी?' त्याने 'अहमद की' म्हटलं की 'हिज'. 'की'कडे बघायचं नाही, 'किस'च्या उत्तराकडे बघायचं. रोज थोडा वेळ, तोंडीच घ्या. लिहायला नंतर.

यॉर्कशायरकर

'किसकी?' हा प्रश्न मी उद्याच्याच वर्गात घेतो. 'उसने कहा कि मैं'साठीही तोच चालेल: 'मैं कौन?'